अर्धा मिनिट मागे

सावईवेऱ्याच्या उत्सवात माझे वडील
मांडवामागच्या माडावर कर्णा बांधायचे.
म्हणजे बांधायचा म्हाळू पाडेली,
वडील खालून ओरडायचे:
जरा वळवईकडे फिरव, अरे, तरीकडे!
आवाज पोचेल तिथवर आमचं गाव.
वारा बरा असला तर नदीपलीकडे,
नसला तर कुळागरातच सुपारीत अडकून बसायचा.

कर्णा आता कोठीत आहे,
त्यात कुंभारणीने मातीचं घर केलंय.
त्याच माडाला मी राउटर बांधलाय
दंवापासून वाचावा म्हणून दुधाच्या पिशवीत.

होस्टिंगची जागा वर्षाच्या भाड्याने घेतली:
सव्वातीन हजार, एका वेळी पंचवीस प्रेक्षक.
समितीने विचारलं, जागा म्हणजे कुठे?
म्हटलं, सिंगापूर.
खजिनदार लिहिता लिहिता थांबले:
तिथे मांडव कोण घालतो?

फॉर्मवर एक प्रश्न होता, मजकुराचा प्रकार.
व्यवसाय, बातम्या, शिक्षण, प्रौढांसाठी.
संगीत नाटक यादीत नव्हतं.
मी 'इतर'वर बोट ठेवलं
आणि उगाच थोडा रुसलो.

साडेदहाला नांदी. आकडा सात.
मग अकरा. पहिल्या पदाला सोळा.
कुवेतहून दीनानाथ, सहकुटुंब, एकाच फोनवर.
नॉर्वेकडच्या कुठल्याशा जहाजावरून कायतान,
भटारखान्यातली पाळी संपवून लिहितो:
राजाचें तोंड दिसना, लायट घाल.
मी घालतो.
राजा आमच्या पोस्टातला, उजेडात त्याची मिशी सुटते.

आणि एक प्रेक्षक दोनशे पावलांवर.
सगुण वळवईकर. चाळीस वर्षं ह्याच मांडवात
ऑर्गनवर ते असायचे, यंदा खुब्याचं हाड मोडून खाटेवर.
ऑर्गनवर त्यांचा मुलगा कुष्टा.

पहाटे वायरी गुंडाळून मी त्यांच्याकडे गेलो.
चित्र बरं दिसलं?
बरं दिसलं, म्हणाले, पण हे काय विपरीत?
हशा खिडकीतून येतो
आणि विनोद फोनमध्ये अजून व्हायचा असतो.
टाळी आधी, तान मागून.

मी समजावलं, इथून निघालेलं चित्र
समुद्राखालून सिंगापूरला जातं,
तिथे त्याचे तुकडे पाडतात,
मग ते परत येतं तुमच्या उशाशी.
अर्धा मिनिट लागतं.

दोनशे पावलांना?
दोनशे पावलांना.

त्यांनी चहा बशीत ओतला, प्याले नाहीत.
तिसऱ्या अंकात कुष्ट्याने पट्टी चुकवली,
कोमल निषाद हवा तिथे शुद्ध.
खिडकीतून ऐकलं मी.
मग फोन छातीवर धरून थांबलो.
काय येणार ते ठाऊक होतं रे,
तरी ते अर्धं मिनिट वाटत राहिलं,
ह्यात बरोबर वाजेल.

वाजलं?

तेवढ्यात तुझं ते चाक फिरायला लागलं.
राजा तोंड उघडून उभा,
कुष्ट्याचं बोट हवेत.
चाक थांबलं तेव्हा पद संपलेलं.
ते हसले. मग चहा प्याले, गार झालेला.

रेकॉर्डिंग सर्व्हरवर चढलंय, पूर्ण पाच तास.
त्यात चाक नाही.
निषाद आहे, स्वच्छ, जसा चुकला तसा.
खाली निळं बटण: प्रकाशित करा.

आठवडा झाला.
दीनानाथ विचारतो, समिती विचारते,
काल तर कुष्टाही विचारून गेला, कधी टाकतोस?
मी म्हणतो, सर्व्हर जरा मंद आहे,
सिंगापूरकडे काहीतरी चाललंय.